मोजणी मोटारींची, कोंडी माणसांची

बेंगळुरूच्या भुयारी रस्त्याच्या अहवालात मालेगाव-नाशिकची नावे निघाली, तेव्हा सल्लागारांचे हसे झाले. पण वाहने कशी मोजायची आणि त्या आकड्यांवरून काय बांधायचे, हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. रस्त्याचे राजकारण मोजणीपासूनच सुरू होते.

२०२५ च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली आणि तिथल्या मराठी मंडळींच्या भुवया उंचावल्या. शहराच्या उत्तरेकडील हेब्बाळपासून दक्षिणेकडील सिल्क बोर्ड चौकापर्यंत जमिनीखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल महापालिकेने खासगी सल्लागारांकडून तयार करून घेतला होता. त्यातील वाहतुकीच्या विवेचनात चक्क महाराष्ट्रातील मालेगाव आणि नाशिक यांचे उल्लेख सापडले. दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा मजकूर उचलून येथे डकवला असावा, असा अर्थ लोकांनी काढला. पालिकेने सल्लागार संस्थेला पाच लाख रुपयांचा दंड ठोठावला. ज्या प्रकल्पासाठी हा अहवाल होता त्याची लांबी सुमारे पावणेसतरा किलोमीटर आणि खर्चाचा अंदाज १७,७०० कोटी रुपयांच्या आसपास. त्या मानाने दंडाची रक्कम किरकोळच म्हटली पाहिजे.

टीकाकारांना आयते कोलीत मिळाले, हे खरे. परंतु खरा प्रश्न त्या दोन गावांच्या नावांचा नव्हताच. ती नावे खोडून टाकली असती तर उरलेला हिशेब बरोबर ठरला असता काय, हा तो प्रश्न. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अहवालातील त्रुटींवर बोट ठेवले. गावांची नावे एका दिवसात दुरुस्त होतात. चुकीच्या मोजणीवर बांधलेला रस्ता दुरुस्त करायला मात्र एक पिढी खर्ची पडते. बेंगळुरूने हा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे.

बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

रस्त्याचे नियोजन मोजणीपासून सुरू होते. भारतीय रस्ते महासभेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, १९७२ मध्ये शहराबाहेरील रस्त्यांवरील वाहतूक गणनेची रीत घालून दिली. वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या भरात आणि एकदा मंदीच्या दिवसांत, सलग सात दिवस चोवीस तास वाहने मोजायची, असा तिचा गाभा. रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेला गणक, त्याच्या हातातील तक्ता, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हे दृश्य मराठवाड्यापासून म्हैसूरपर्यंत सारखेच. आता त्याच्या जोडीला चित्रीकरण आले, टोलनाक्यांवर २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग आला, मोबाइलच्या नकाशावरील वेग आला. पण तक्त्यातील आकड्याचे पुढे जे होते ते फारसे बदललेले नाही.

रस्त्यावर ट्रक, बस, रिक्षा, स्कूटर, सायकल आणि बैलगाडी एकत्र चालतात. त्यांची बेरीज करायची तर सर्वांना एका मापात आणावे लागते. ते माप म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट', अर्थात प्रवासी मोटार एकक. अभियंते त्याला 'पीसीयू' म्हणतात. शहराबाहेरील रस्त्यांसाठी १९९० मध्ये प्रसृत झालेल्या मार्गदर्शिकेत मोटारीला एक, स्कूटरला अर्धा, बस किंवा ट्रकला तीन आणि मोठ्या बैलगाडीला तब्बल आठ एकके दिली आहेत. याच हिशेबाने सपाट प्रदेशातील दोन पदरी रस्ता दिवसाला १५,००० एकके आणि पक्क्या साइडपट्ट्यांचा चौपदरी रस्ता ४०,००० एकके वाहून नेऊ शकतो, असे धरले जाते. मोजणीचा आकडा या मर्यादेजवळ गेला की रुंदीकरणाची फाईल हलू लागते. सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य काढलेल्या कुणालाही हे आकडे तोंडपाठ असतात.

शहरी रस्त्यांची मार्गदर्शिका वेगळी, तीही १९९० चीच. तिच्यात दुभाजक असलेल्या सहा पदरी मुख्य रस्त्याला दोन्ही दिशा मिळून ताशी ५,४०० एकके अशी मर्यादा आहे. गर्दीत बसचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले तर प्रत्येक बस ३.७ एकके मोजायची, असेही ती सांगते. बस मोठी असते, थांबते, वळायला जागा घेते, म्हणून तिचा भार अधिक. अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. परदेशी कोष्टके उसनी घेण्याऐवजी देशी रस्त्यांवर पाहणी करून २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 'इंडो-एचसीएम' ही भारतीय क्षमता-पुस्तिका सिद्ध झाली, हेही मोठेच काम. एकाच वाहनाचा भार रस्ता, वेग आणि गर्दीनुसार बदलतो, हे तिने मान्य केले.

तरीही एक गोष्ट राहतेच. कोष्टकाच्या लेखी शंभर बसगाड्या आणि ३७० मोटारी यांचे वजन सारखे. बसमध्ये गर्दीच्या वेळी साठ माणसे धरली तर शंभर बसमधून सहा हजार जण जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर ३७० मोटारींतून साडेपाचशे. रस्त्याने किती लोखंड वाहिले हे एकक सांगते. किती माणसे पोचली हे ते सांगत नाही, आणि फाइलवर उमटतो तो लोखंडाचा आकडा.

तुंबलेला रस्ता खोटे बोलतो

दुसरी अडचण याहून फसवी आहे. १९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशिल्ड्स या अमेरिकी अभियंत्याने ओहायो राज्यात रस्त्यावरील वाहनांचे चलत्-कॅमेऱ्याने चित्रीकरण करून वेग आणि दाटी यांचे नाते मांडले. वाहनांची दाटी वाढते तसा वेग उतरतो. एका बिंदूपर्यंत रस्त्यावरून ताशी जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढत राहते. तो बिंदू ओलांडला की वेगाबरोबर ही संख्याही घसरते. पूर्ण तुंबलेल्या रस्त्यावर वाहने सर्वाधिक असतात, पण पुढे सरकणारी वाहने जवळपास शून्य. म्हणजे कोंडीत रस्ता आपली स्वतःची क्षमता खातो.

याचा नियोजनावर होणारा परिणाम सहज ध्यानात येत नाही. सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी सातला गणक उभा केला, तर त्याच्यासमोरून दुपारी तीनपेक्षा कमी वाहने गेलेली दिसू शकतात. तक्ता म्हणेल, भार कमी झाला. प्रत्यक्षात मागे मैलभर रांग लागलेली असते. गेलेली वाहने मोजणे आणि जाऊ इच्छिणारी वाहने मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी रांगेची लांबी पाहावी लागते, कुठून आलात आणि कुठे निघालात हे विचारावे लागते. घराघरांत जाऊन प्रवासाच्या सवयींची पाहणी करावी लागते. ती खर्चाची आणि वेळखाऊ असते. अहवाल चार महिन्यांत हवा असला की प्रथम तिलाच कात्री लागते.

उलट चूकही होते. कोंडीत अडकलेल्या प्रत्येक मोटारीला 'मागणी' समजायचे, त्या मागणीला दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढवत न्यायचे आणि पंचवीस वर्षांनंतरचा भला मोठा आकडा काढायचा. मग कितीही रुंद रस्ता अपुराच दिसतो. पण मागणी ही नदीच्या पुरासारखी वरून येत नाही. रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारा मोटार काढतो, दुपारी जाणारा सकाळी निघतो, दूरचे घर परवडते म्हणून बिऱ्हाड आणखी दूर जाते. जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गाची लांबी वाढली की त्यावरील वाहनांची धावही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, असे आढळले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वाहतूकतज्ज्ञ आशिष वर्मा हेच सूत्र शहराच्या प्रकल्पांना लावून सातत्याने बोलत आले आहेत.

हेब्बाळचा धडा

बेंगळुरूला हे शिकण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. हेब्बाळचा उड्डाणपूल २००३ मध्ये खुला झाला, तेव्हा तो शहराचे भूषण मानला गेला. पाच वर्षांत, २००८ च्या मे महिन्यात, देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि शहराचा सारा हवाई प्रवास याच पुलावरून जाऊ लागला. विमानतळाकडून शहरात येणारा प्रशस्त रस्ता पुलावर दोन मार्गिकांत कोंबला गेला. विमानतळासाठी देवनहळ्ळीची जागा १९९१ मध्येच तज्ज्ञ समितीने सुचवली होती. म्हणजे पूल बांधताना विमानतळ कुठे होणार हे सरकारला ठाऊक होते. एका खात्याच्या फाईलचा दुसऱ्या खात्याच्या फाइलशी मेळ नव्हता, एवढेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुलाला नवी जोड-मार्गिका लावण्यात आली. बावीस वर्षांपूर्वीच्या चुकीचा हा एक हप्ता.

बाह्य वळणरस्त्याची, अर्थात आउटर रिंग रोडची, कथा आणखी बोलकी. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने १९९० च्या दशकात हाती घेतलेला सुमारे साठ किलोमीटरचा हा रस्ता बाहेरगावच्या मालमोटारींना शहर टाळून जाता यावे म्हणून आखलेला. मोजणी झाली ती ट्रकची. पण रस्ता झाला आणि त्याच्या काठाने मराठहळ्ळी, बेळ्ळंदूर, सर्जापूरकडे संगणक कंपन्यांची संकुले उभी राहिली. सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम हा सुमारे सतरा किलोमीटरचा पट्टा देशातील सर्वांत मोठ्या कार्यालयीन पट्ट्यांपैकी एक बनला. वळणरस्ता म्हणून जन्मलेला मार्ग शहराचा मुख्य रस्ता झाला आणि लाखो लोक रोज त्याच्यावर कामाला येऊ लागले, तेही प्रामुख्याने रस्त्यानेच. रस्त्याची क्षमता अभियंत्याने ठरवली. त्या क्षमतेवर किती मजले चढवायचे हे इमारतीच्या परवानग्या देणाऱ्यांनी ठरवले. दोघांची कधी गाठ पडली नाही.

अशी गाठ घालण्यासाठी शहराचा विकास आराखडा असतो. बेंगळुरूचा २०१५ पर्यंतचा आराखडा २००७ मध्ये लागू झाला. २०३१ चा मसुदा तयार झाला आणि २०२० मध्ये मागे घेतला गेला. मुदत संपलेल्या आराखड्यावर शहर वाढत राहिले. अशा स्थितीत पंचवीस वर्षांपुढील वाहनसंख्येचे भाकीत करणे म्हणजे हवेत तीर मारणे.

तुमकूर रस्त्यावरील पीनया उड्डाणपुलाने आणखी एक बाजू दाखवली. पुणे-कोल्हापूरहून रात्रीच्या बसने येणाऱ्या प्रत्येकाला हा पूल परिचयाचा. पुलातील ताणलेल्या तारांमध्ये दोष आढळल्याने तो २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. हलकी वाहने दोन महिन्यांत परत आली. अवजड वाहनांना मात्र २०२४ च्या जुलैपर्यंत थांबावे लागले. अडीच वर्षे राष्ट्रीय महामार्गावरील ट्रक आणि बसगाड्या खालच्या रस्त्याने रांगल्या. कागदावरील क्षमता एकाच पुलावर टांगलेली असेल तर तिला क्षमता म्हणावे काय, हे कुठल्याही कोष्टकात विचारलेले नसते.

आकडे आधी की निर्णय आधी?

या चुका अज्ञानातून होतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बेंगळुरूतील सल्लागार आणि अभियंते देशातील उत्तमांपैकी आहेत. प्रश्न क्रमाचा आहे. नियोजनशास्त्र सांगते, आधी मोजा, मग पर्याय तपासा, शेवटी निवडा. राज्यकर्त्यांच्या व्यवहारात निवड आधी होते आणि मोजणी तिच्या समर्थनासाठी मागून येते.

गेल्या तीन दशकांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९९५ मध्ये देवेगौडा मुख्यमंत्री असताना बेंगळुरू-म्हैसूर पायाभूत सुविधा मार्गिकेचा सामंजस्य करार झाला. १९९७ मध्ये मूळ करार झाला. त्यात रस्त्याबरोबर नगरे वसवण्याची योजना आणि वीस हजार एकरांच्या घरात जमीन होती. पुढे त्याच देवेगौडांनी तिच्याविरुद्ध आघाडी उघडली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार उचलून धरला. पण शहराभोवतीचा रस्ता झाला आणि म्हैसूरपर्यंतचा द्रुतगती मार्ग कागदावरच राहिला. वाहतूक काही थांबत नाही. अखेर केंद्राने जुनाच महामार्ग रुंद करून २०२३ च्या मार्चमध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्ग खुला केला. एकाच प्रवासासाठी दोन योजना, दोन भूसंपादने आणि पंचवीस वर्षे.

शहरात २०१६ मध्ये सिद्धरामय्या सरकारने बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल पुढे आणला. आठशेहून अधिक झाडे जाणार म्हणून नागरिकांनी मानवी साखळी धरली. २०१७ मध्ये तो रद्द झाला. कुमारस्वामी सरकारने सुमारे शंभर किलोमीटरच्या उन्नत मार्गांचे जाळे मांडले. २०१९ मध्ये त्यालाही विरोध झाला आणि ते बारगळले. २०२३ मध्ये उपमुख्यमंत्रिपदाबरोबर बेंगळुरू विकास खाते हाती घेतलेल्या डी. के. शिवकुमार यांनी तीच दिशा जमिनीखाली नेली. वरून जाणारा रस्ता दिसतो, झाडे तोडावी लागतात, माणसे रस्त्यावर येतात. बोगदा दिसत नाही. तरी २०२५ मध्ये लालबागेच्या परिसरातील कामावरून वाद पेटलाच.

भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी हा मोटारवाल्यांचा प्रकल्प असल्याची टीका केली. त्यावर शिवकुमार यांनी, मोटार नसलेल्या मुलाला आजकाल कुणी मुलगी देत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. त्या उत्तराची थट्टा झाली, पण त्यात राजकीय सत्य आहे. मोटार ही मध्यमवर्गाची प्रतिष्ठा आहे आणि कोणताही पक्ष तिच्या वाटेत उभा राहत नाही. विरोधात असताना बोगद्यावर टीका करणारे पक्ष सत्तेत असताना उड्डाणपुलांचे नारळ फोडतात, ही गोष्ट बेंगळुरूकर दोन्ही बाजूंनी पाहत आले आहेत.

निर्णय आधी आणि मोजणी नंतर, हा केवळ कन्नड मुलखाचा दोष नाही. बेंट फ्लिव्हबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने २००५ मध्ये चौदा देशांतील २१० प्रकल्पांची भाकिते तपासली. निम्म्या रस्ते प्रकल्पांत प्रत्यक्ष वाहतूक आणि भाकीत यांत वीस टक्क्यांहून अधिक तफावत निघाली. रेल्वे प्रकल्पांचे तर त्याहून वाईट, बहुतेक ठिकाणी प्रवासीसंख्या भरमसाट फुगवलेली. म्हणजे मेट्रोचे आकडेही डोळे झाकून स्वीकारण्याजोगे नाहीत. ज्याला काम मिळावयाचे आहे त्याच्याच आकड्यावर काम ठरू नये, हा त्यातला बोध.

कर्नाटकाने त्यासाठी व्यवस्था उभारली होती. २०२२ मध्ये विधिमंडळाने बेंगळुरू महानगर भू-वाहतूक प्राधिकरणाचा कायदा केला. मेट्रो, बस, रस्ते आणि भू-वापर यांचा एकत्र विचार व्हावा हा त्याचा हेतू. बोगद्याचा प्रस्ताव या प्राधिकरणाच्या कसोटीला न लावता पुढे सरकला, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप आहे. दुसरीकडे महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० च्या सप्टेंबरमध्ये संपली आणि पुढे पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. २०२५ मध्ये पालिकेच्या जागी बृहद् बेंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. या काळात शहराच्या एका अत्यंत महागड्या रस्त्याचा आराखडा ठरला, आणि त्यावर प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक नव्हता.

कोण मोजले गेले, कोण वगळले

बेंगळुरूतील नोंदणीकृत वाहनांनी एक कोटीचा टप्पा केव्हाच ओलांडला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश दुचाकी. बोगद्याच्या प्रस्तावात मात्र दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, आणि मोटारींना टोल आहे. साधा हिशेब करून पाहावा. एका दिशेच्या तीन मार्गिकांतून प्रत्येकी ताशी अठराशे मोटारी सुरळीत गेल्या, तर ५,४०० मोटारी, म्हणजे सुमारे आठ हजार माणसे. सहा डब्यांच्या मेट्रोत दीड हजार प्रवासी धरले आणि पाच मिनिटांना एक गाडी सोडली, तर तासाला अठरा हजार. शिवाय बोगद्यातील मोटारी कुठे तरी वर याव्याच लागतात, आणि त्या जिथे वर येतात तो चौक आधीच तुंबलेला असतो. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीएवढीच.

म्हैसूरच्या महामार्गावरही वगळण्याचा हाच प्रकार घडला. २०२३ मध्ये रस्ता खुला झाल्यावर भीषण अपघात वाढले, आणि १ ऑगस्टपासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गावर बंदी आली. वेगवान मार्गावर मंद वाहने नसावीत, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण रामनगर, मंड्याचा शेतकरी पूर्वीच्या मोजणीत तक्त्यावरील एक रेघ होता. रुंदीकरणाचे समर्थन करणाऱ्या आकड्यात त्याचा ट्रॅक्टर होता. रस्ता झाल्यावर तो सेवारस्त्यावर गेला.

माणसे मोजण्याचा एक प्रयोग शहरात झाला होता. २०१९ च्या अखेरीस बाह्य वळणरस्त्यावर सिल्क बोर्ड ते के. आर. पुरमच्या दिशेने बससाठी स्वतंत्र मार्गिका राखण्यात आली. खर्च नाममात्र, बसचा वेग वाढल्याचा अनुभव आला. मग करोना आला, मेट्रोचे खांब आले आणि मार्गिका विरून गेली. शहर परिवहनाच्या बसगाड्या दशकभर साडेसहा-सात हजारांच्या घरातच राहिल्या. २०२३ च्या जूनमध्ये महिलांना मोफत प्रवास मिळाला आणि बसमधील गर्दी वाढली, बस त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. बसचे उद्घाटन करताना फीत एकदाच कापता येते, आणि तिचे छायाचित्र उड्डाणपुलाएवढे भव्य येत नाही.

आरसा महाराष्ट्राचा

हे वाचून पुणेकर किंवा मुंबईकराने सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक निर्देशांकात शहरात दहा किलोमीटर जायला बेंगळुरूत सरासरी ३४ मिनिटे लागत होती, पुण्यात ३३. जगातील सर्वांत संथ शहरांत ती तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर शेजारी बसली होती. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल सुमारे दीड दशकात, २०२० मध्ये, पाडावा लागला, कारण तो बांधताना मेट्रोचा विचार झाला नव्हता. हेब्बाळचीच ही मराठी आवृत्ती. मुंबईचा सागरी किनारा मार्ग २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावरही दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांत २०२२ च्या मार्चपासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. मोठे निर्णय त्याही काळात झाले.

रस्तेच बांधू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. मालवाहतुकीला शहराबाहेरून वाट हवी. बेंगळुरूच्या परिघीय वळणरस्त्याची पहिली अधिसूचना २००५ ची. तो वेळेवर झाला असता तर आउटर रिंग रोडवरील ट्रकचा भार हलका झाला असता. आज 'बेंगळुरू बिझनेस कॉरिडॉर' असे नवे नाव घेतलेल्या या सुमारे ७३ किलोमीटरच्या रस्त्यासाठी ज्यांच्या जमिनी अधिसूचित झाल्या, ते शेतकरी दोन दशके ना विकू शकले ना बांधू शकले. त्यांची प्रतीक्षा कोणत्याही वाहतूक अहवालात मोजली गेली नाही.

अशा अहवालावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने, मग तो बेंगळुरूत असो, मंत्रालयात किंवा दिल्लीत, चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. या मोजणीत वाहने आहेत की माणसे? कोंडीच्या वेळी मागची रांग मोजली काय? याच पैशांत बस आणि रेल्वेने किती माणसे जातील, हा पर्याय त्याच काटेकोरपणे तपासला काय? आणि पाच वर्षांनी भाकीत आणि वास्तव ताडून पाहून ते जाहीर करण्याची जबाबदारी कुणाची? या प्रश्नांना नवे तंत्रज्ञान लागत नाही. मोजणी आणि तिची गृहीतके निविदेआधी लोकांसमोर ठेवण्याची तयारी लागते, आणि नकार ऐकून घेण्याचीही.

विट्या-खानापूरचे गलाई व्यावसायिक पिढ्यान् पिढ्या दक्षिणेत सोन्या-चांदीची भट्टी चालवतात, बेंगळुरूच्या पेठांतही. सणासुदीला गावी जाऊन परतणारी ही कुटुंबे आणि मराठहळ्ळीच्या कंपन्यांतील कोल्हापूर-सांगलीची मुले एकाच रात्रीच्या बसने येतात. साडेपाचशे-सहाशे किलोमीटर ही बस झोपेत कापते. नेलमंगल ओलांडले की जाग येते, आणि शेवटचे पंचवीस-तीस किलोमीटर डोळे उघडे ठेवून सरकावे लागते. रस्त्याकडेचा गणक तक्त्यावर एक रेघ ओढतो. कोष्टकात तिचे तीन किंवा ३.७ एकके होतात. आत चाळीस माणसे आहेत, हे नोंदवायला त्या तक्त्यात रकाना नाही.